पूजा एका दिवसाची, सेवा वर्षाची

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांतून पहाटेपासून झेंडूच्या फुलांचे ढीग उतरले आहेत, दारोदारी आंब्याच्या पानांची तोरणे चढली आहेत, आणि सायंकाळी सीमोल्लंघन करून आल्यावर आपट्याचे सोने थोरांच्या हाती देऊन त्यांच्या पाया पडायचे आहे. ज्या अंगणात पूर्वी बैलगाडी, नांगर आणि वखर यांना हळदकुंकू लागत असे, त्याच अंगणात आज कित्येक घरी नवी मोटार उभी आहे. तिला हार घातला आहे, पुढच्या झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले आहे, आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवले आहे.

हे दृश्य पाहून माझ्यासारख्या कीर्तनकाराला आनंदच होतो. जे साधन आपल्याला इष्टस्थळी पोचवते, त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी माथा नमवावा, ही कृतज्ञतेची रीत आहे. तथापि वाचकहो, ही पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला, हार सुकला, की पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या वाहनाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो? आज त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. सांगणारा स्वतः चुकलेला आहे, म्हणून हे सांगण्याचा त्याला थोडा अधिकार आहे, असे समजून वाचावे.

एका रात्रीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने दसऱ्यालाच नवी मोटार घेतली. मुहूर्त मी काढला, पूजा मी सांगितली, आणि डॅशबोर्डवर मारुतिरायाची संगमरवरी मूर्ती बसवण्याचा आग्रहही माझाच. पुतण्या भीत भीत म्हणाला, “नाना, मूर्ती घट्ट बसत नाही हो.” मी म्हटले, “अरे, ज्याने द्रोणागिरी उचलला, तो तुझ्या गाडीत डळमळेल होय?” श्रोते हसावेत म्हणून आम्ही कीर्तनकार असे बोलतो. त्या दिवशीही सगळे हसले.

पंधरवड्याने धुळ्याचे कीर्तन आटोपून आम्ही रात्री जळगावकडे निघालो. मी पुढच्या आसनावर, आणि माझ्या मांडीवर चार वर्षांची नात. तिला पट्टा नाही, मलाही नाही. पारोळा मागे पडले, एरंडोल जवळ आले, आणि अंधारात कापसाने शीग भरलेली एक ट्रॉली एकाएकी समोर दिसली. तिला मागे दिवा नव्हता. पुतण्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण नात माझ्या हातांतून निसटून पुढे गेली, आणि मूर्ती उडून माझ्या मनगटावर आदळली. मुलीच्या कपाळाला टेंगूळ आले, मला चार टाके पडले. देवाने राखले असे सर्वांनी म्हटले, मीही म्हटले. परंतु त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक विचार मला टोचत राहिला: देवाने राखले खरे, पण राखायचे जे काम त्याने माझ्याकडे दिले होते, ते मी कुठे केले?

सारथ्याने घोडे सोडले

मग मला महाभारताच्या द्रोणपर्वातील तो प्रसंग आठवला, जो मी आजवर नुसता रंगवून सांगत आलो होतो. अभिमन्यूच्या वधानंतर अर्जुनाने प्रतिज्ञा केली आहे की, सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. दिवस चालला आहे, जयद्रथ अजून दूर आहे, मध्ये कौरवांची अफाट सेना आहे. अशा वेळी श्रीकृष्ण काय करतात? घोडे थकले आहेत, बाणांनी विद्ध झाले आहेत, हे पाहून ते भर रणांगणात रथ थांबवतात. अर्जुन खाली उतरून शत्रूला थोपवून धरतो, बाण मारून भूमीतून पाणी काढतो. आणि भगवान स्वतःच्या हातांनी घोडे सोडतात, त्यांच्या अंगांतील बाण काढतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात, आणि विसावा मिळाल्यावर पुन्हा जुंपतात.

ज्याच्या माथ्यावर सूर्यास्ताची मुदत आहे, त्याला सारथी म्हणत नाही की, आता वेळ नाही, घोड्यांचे उद्या पाहू. आपण मात्र “लग्नाला उशीर होतो आहे” एवढ्या कारणावरून चाकातली हवा पाहत नाही. वाहनाची निगा ही सारथ्याची उपासना आहे, हे भगवंतांनी त्या दिवशी करून दाखवले. आपण नवे सारथी आहोत. तेव्हा ती उपासना कशी करावी, हे क्रमाने पाहू.

पूजेच्या वेळी

आरंभ आजच्याच दिवसापासून करू. लिंबावरून गाडी पुढे घेताना तिच्यापुढे आणि मागे कोणीही उभे राहू नये. विशेषतः छायाचित्र काढणारी मुले. ज्याला गाडीचा सराव आहे त्यानेच ती हलवावी. सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात दिल्लीत एका विक्रीदालनाच्या पहिल्या मजल्यावर नव्या गाडीखालचे लिंबू चिरडताना वेग एकाएकी वाढला आणि गाडी काच फोडून खाली रस्त्यावर कोसळली. लिंबू चिरडायला गाडी तसूभर सरकली तरी पुरे. त्यासाठी पाय जोराने दाबण्याचे कारण नाही. ज्या गाड्यांना क्लच नसतो, त्यांत तर उजवा पाय आधी ब्रेकवर आहे याची खात्री करून मगच गियर टाकावा.

आरती गाडीबाहेरून ओवाळावी. आत कापूर पेटवू नये, उदबत्ती खोचून ठेवू नये; आतले अस्तर आणि आसने यांना ठिणगी पुरते. निघताना काचेवरचा, आरशावरचा हार उतरवून देव्हाऱ्यात ठेवावा, कारण ज्या जागी हार लोंबतो नेमक्या त्याच जागी रस्ता ओलांडणारा माणूस लपतो.

आता मूर्तीविषयी. आजच्या मोटारींत डॅशबोर्डच्या आत एअरबॅग नावाची पिशवी घडी करून ठेवलेली असते. जोराची धडक बसली की ती डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगून बाहेर येते आणि माणसाचे डोके झेलते. तिच्या झाकणावर आपण दगडाची किंवा धातूची मूर्ती चिकटवली, तर तीच मूर्ती गोळ्यासारखी आपल्या तोंडावर येते. म्हणून मूर्ती तेथे ठेवू नये. आमच्या गाडीत आता समोरच्या खणात वस्त्रात गुंडाळलेली एक छोटी तसबीर असते. बसल्यावर खण उघडून नमस्कार करतो, पुन्हा बंद करतो. देव खणात असला म्हणून त्याचे लक्ष कमी होत नाही.

पट्टा आणि मांडीवरचे मूल

नातवंड मांडीवर घेणे हे आजोबांचे सुख आहे, हे मी जाणतो. परंतु धडकेच्या क्षणी लहान मुलाचा भार कित्येक पटींनी वाढतो. पैलवानाच्या हातांनाही तो धरवत नाही. त्यातच मांडीवरचे मूल आणि फुगणारी एअरबॅग यांच्यामध्ये अंतरच उरत नाही. मुलांची जागा मागच्या आसनावर. तान्ह्या आणि लहान मुलांसाठी पट्ट्याने घट्ट बांधता येणारी वेगळी खुर्ची मिळते. ज्या खुर्चीत तान्ह्याचे तोंड मागे असते, ती एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर कधीही लावू नये.

मागे बसणाऱ्यांनाही पट्टा हवा. दि. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी उत्तम होती, रस्ता मोठा होता. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालील मूल बांधलेले नसल्यासही तेवढाच. दंडाच्या भयाने का होईना, पण आईने जेवायला वाढण्यापूर्वी पान मांडावे, तसा गाडी सुरू करण्यापूर्वी पट्टा लागला पाहिजे. आमच्या घरी आता हे काम नातीकडे आहे. “नाना, पट्टा!” असे ती ओरडल्याशिवाय किल्ली फिरत नाही.

आणखी एक. नव्या आसनांवरचे प्लास्टिक पुष्कळजण वर्षभर काढत नाहीत, नाहीतर वरून जाड खोळी चढवतात. काही गाड्यांत आसनाच्या बाजूलाही एअरबॅग असते. खोळीने तिची वाट अडते. खोळ घ्यायचीच तर तशा गाडीसाठी शिवलेली आहे ना, हे विचारून घ्यावी.

घोड्यांची निगा

गाडीबरोबर एक जाड माहितीपुस्तिका मिळते. ती खणात पडून राहते. आपण पोथी सोवळ्यात ठेवतो पण वाचतोही. तशी ही पुस्तिका एकदा घरातील सर्वांनी मिळून वाचावी. दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार त्याला पुरते.

पहिले १,००० किलोमीटर नव्या इंजिनाला नव्या खोंडासारखे वागवावे. एकदम जोर मागू नये, फार भार घालू नये, आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळवू नये. आतले भाग एकमेकांना बेताने सरावतात. पहिली तपासणी, मग ती महिन्याची असो वा किलोमीटरची, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे वेळेवर करावी.

इंजिनातील तेल पाहताना गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, काही मिनिटे थांबावे. मग पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी, आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना हे पाहावे. समोर तेलाचा अथवा उष्णतेचा लाल दिवा लागला, तर “गाव आलेच” म्हणून पुढे रेटू नये; बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आत दाबाखालचे उकळते पाणी असते, ते अंगावर उसळते. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकणाला हात लावावा.

आमच्या खानदेशात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात टायर तापतो, म्हणून हवा कमी ठेवावी, असा एक समज आहे. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायर जमिनीशी जास्त दबतो, सारखा मुडपतो, आणि त्या मुडपण्यानेच अधिक तापून फुटतो. किती हवा ठेवायची, तो आकडा चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. गाडी फार चालण्याआधी, टायर थंड असताना, निदान पंधरा दिवसांतून एकदा ती मोजावी, स्टेपनीचीही. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी झाली की तो कायद्यानेही निकामी ठरतो.

त्याच उन्हात बंद गाडीत मुलाला क्षणभरही ठेवून जाऊ नये. “दर्शन घेऊन दोन मिनिटांत येतो” म्हणणाऱ्याची दोन मिनिटे रांगेत किती लांबतात, हे आपण जाणतो. आणि काचा लावलेली गाडी तेवढ्यात भट्टीसारखी तापते.

पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर बदलावे. ज्यांची गाडी धान्याच्या कोठाराजवळ उभी राहते, त्यांनी अधूनमधून झाकण उघडून पाहावे. गणरायाचे वाहन आपल्या वाहनाच्या तारा कुरतडते.

वेगाचे गणित

नलोपाख्यानात एक मार्मिक प्रसंग आहे. बाहुकाच्या रूपातील नळराजा ऋतुपर्णाचा रथ हाकत आहे. वाऱ्याने राजाचे उत्तरीय उडून पडते. राजा म्हणतो, थांब, वस्त्र उचलून घेऊ. नळ सांगतो, महाराज, ते तर योजनभर मागे राहिले. बोलेपर्यंत जे अंतर गेले, ते गेले.

आपल्या गाडीचेही असेच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, ८० ने २२ मीटर, आणि १०० ने जवळजवळ २८ मीटर. समोरचे संकट डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. त्यानंतर गाडी थांबायला जे अंतर लागते, ते वेग दुप्पट झाला की चौपट होते. ताशी ८० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावरसुद्धा एकूण ५० मीटरांहून अधिक लागतात. त्या रात्री कापसाची ट्रॉली आमच्या दिव्यांत किती अंतरावर दिसली असेल, हे मी पुढे कितीदा तरी मनात मोजले आहे. दसऱ्यानंतर आपल्याकडे कापसाच्या आणि केळीच्या गाड्या रात्रंदिवस चालतात. म्हणून रात्री आपले दिवे जेवढे दाखवतील, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. नव्या गाड्यांत ब्रेक जोराने दाबला तरी चाके अडकू नयेत अशी योजना असते. तेव्हा पायाखाली थरथर जाणवते. ती ऐकून पाय उचलू नये, तसाच दाबून धरावा.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचे त्यात नोंदले आहे. त्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या त्या क्षणीच्या गतीचा, विचार केला आहे. आपल्यासमोरचा वेगदर्शक काटा क्षणोक्षणीची हीच गती दाखवतो. ज्या भूमीत हे शास्त्र शिकवले गेले, तेथील माणसाने तो काटा न पाहता गाडी हाकणे शोभत नाही.

त्याच चाळीसगावाकडे कन्नडचा घाट उतरताना काहीजण इंधन वाचवण्यासाठी गियर काढून गाडी उतारावर सोडतात. हे आत्मघातकी आहे. उतारावर खालचा गियर ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढते. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते तापून निकामी होऊ शकतात; आणि उतारावर इंजिन बंद केले तर ब्रेक व स्टीअरिंग दोन्ही जड होतात.

रस्त्यावरचे देव

चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला खानदेशातून सहस्रावधी माणसे पायी निघतात. उन्हाच्या भयाने रात्री चालतात. नवरात्रात तरुण मुले गडावरून ज्योत घेऊन धावतात. आषाढीला मुक्ताईनगराहून आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी पंढरीला जाते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, कारण समोरच्यात पांडुरंग आहे अशी त्यांची निष्ठा. त्या पांडुरंगाजवळून जाताना आपण कर्णा वाजवून त्याला कडेला लोटावे काय? वेग कमी करावा, दिवे खाली करावेत, पुरेसे अंतर सोडावे. हेही दर्शनच.

घरातील थोरांना एक कठोर गोष्ट सांगतो. अजाण मुलाच्या हाती कौतुकाने किल्ली देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा घडला, तर कायद्याने पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंड भरता येतो. कोणाचे गेलेले लेकरू भरून देता येत नाही. आणि वाटेत कोणाचा अपघात दिसला, तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मदत करणाऱ्याला कायद्याने आता संरक्षण आहे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर साहाय्य मिळते.

मोगरीची सेवा

समारोप आपल्या जळगावच्याच रथाने करतो. संत अप्पा महाराजांनी सन १८७२ मध्ये सुरू केलेला श्रीराम रथोत्सव कार्तिकी एकादशीला अजूनही तेवढ्याच भक्तीने होतो. रथाची दोरी ओढायला शेकडो हात पुढे होतात. जयघोष होतो, फुले पडतात, सर्वांचे डोळे वर रामरायाकडे लागलेले असतात. पण चाकांजवळ काही सेवेकरी वाकून चालत असतात. त्यांची दृष्टी मूर्तीकडे नसते, चाकाकडे असते. त्यांच्या हातात लाकडाची मोगरी असते. रथ वळवायचा, आवरायचा, थांबवायचा, तर ते ती नेमक्या क्षणी चाकाखाली सारतात. एवढ्या गर्दीतून तो जड रथ सुखरूप घरी येतो, तो त्यांच्या जागरूकतेमुळे.

दोरी ओढणाऱ्याची भक्ती मोठी, यात संशय नाही. पण मोगरी लावणाराने मान वर केली नाही म्हणून त्याचे दर्शन चुकले, असे कोण म्हणेल? आपल्या घरच्या मोटारीच्या चाकावर जो बसतो, त्याने आज हार घालताना हीच सेवा मागून घ्यावी. हार उद्या सुकेल. मोगरी वर्षभर हातात राहिली पाहिजे.

परवा एका खेड्यात कीर्तन संपवून निघताना एक वृद्ध माउली गाडीच्या खिडकीशी आली. पुतण्याच्या हातात तिने मूठभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाली, “सांभाळीसन जाजो रे भाऊ.” सगळ्या शास्त्रांचे सार तिच्या त्या वाक्यात होते. आजच्या शुभदिनी प्रत्येक घरातून निघणाऱ्या प्रत्येक सारथ्याला कोणीतरी हे शब्द सांगणारे असो, आणि तो ते ऐकणारा असो, हीच श्रीरामचरणी प्रार्थना.